अंश, छेद आणि शेजार



वैशाखातल्या अशा संध्याकाळी वक्त्याने काव्याविषयी बोलावे, संतांविषयी बोलावे, फार तर एखाद्या प्रवासाची हकीकत सांगावी, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आमच्या वाट्याला मात्र चोऱ्या, घरफोड्या आणि अपघात हा विषय आला आहे. चालकांनी पत्रातून विचारले, 'आपला मावळ सुरक्षित आहे काय, यावर बोलाल का?' प्रश्न सरळ होता. होय किंवा नाही असे उत्तर देऊन आम्हांला खाली बसता आले असते. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, उत्तर देण्यापूर्वी हा प्रश्न नीट विचारायला शिकणे हेच काम मोठे आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांना तयार उत्तरे वाटण्यासाठी नव्हे. चारचौघांनी एकत्र बसून विचार करावा यासाठी. त्याच वळणाने आम्ही आज चालणार आहो.

परवा तळेगावहून लोणावळ्यास लोकलने येत होतो. समोरच्या बाकावर दोन गृहस्थ बसले होते. थोरले म्हणाले, "आमच्या लहानपणी दारे उघडी टाकून झोपायचे लोक. आता कुलपावर कुलूप लावले तरी डोळा लागत नाही." धाकटे म्हणाले, "काका, बाहेरची माणसे वाढली ना! ती आली आणि सगळे बिघडले." डब्यातल्या चारपाच जणांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर आम्हीही डोलावली. घरी आल्यावर मात्र मनाशी म्हटले, या दोन वाक्यांत दोन विधाने आहेत. पूर्वी भय नव्हते, हे एक. आणि भय बाहेरून आले, हे दुसरे. दोन्हींची पारख केल्यावाचून मान डोलावणे हे शहाण्या माणसाचे लक्षण नव्हे.

पहिले विधान घेऊ. मावळ हा घाटमाथ्याचा मुलूख आहे. कोकणातला माल देशावर आणि देशावरचा कोकणात याच वाटांनी जात असे. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी या व्यापारी वाटांच्याच आधाराने कोरली गेली आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्लेही याच वाटांवर नजर ठेवून बसले. जेथे वाटेवर पहारा ठेवावा लागतो तेथे वाटमारीचे भय होतेच, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. मग दारे उघडी राहत असतील तर ती कशाच्या बळावर? ती रखवालीच्या बळावर. गावोगाव जागल्या असे, येसकर असे, पुष्कळ ठिकाणी रामोशी असत. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या या व्यवस्थेचे वर्णन आहे. चोरी झाली की रखवालदाराने माग काढायचा. पावलांचा माग गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तो पुढच्या गावाच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. ज्या गावाच्या शिवेत माग संपला, त्या गावाने चोर तरी द्यावा किंवा भरपाई तरी करावी. चोरी एका घरची असली तरी जबाबदारी सबंध गावाची असे.

या व्यवस्थेचा गौरव करावा असे कोणाच्याही मनात येईल. पण तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. रात्रीचा पहारा जातीवरून लादलेला होता. जो गावकुसाबाहेर राहत होता तोच गावकुसाच्या आतल्यांची राखण करीत होता, आणि माल सापडला नाही तर पहिला संशयही त्याच्यावरच येत होता. म्हणजे थोरल्या काकांची उघडी दारे दुसऱ्या कोणाच्या तरी जागरणावर उघडी राहत होती. ते जागणारे माणूस उघड्या दाराच्या आत कधी झोपले नाही.

आता दुसरे विधान, भय बाहेरून आले, हे. आजचे लोणावळे आणि खंडाळे मुळी बाहेरून आलेल्यांनीच घडविले आहे. खंडाळा ते पुणे ही रेल्वे १८५८ साली सुरू झाली आणि बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. त्यासाठी हजारो मजूर या डोंगरांत राबले आणि पटकीने व अपघातांनी त्यांतले कित्येक येथेच मेले. १८५९ च्या जानेवारीत या मजुरांनी दंगा केला. सरकारी दप्तरात दंगा हा गुन्हाच. पण त्या दंग्याच्या मुळाशी काय होते? मजुरीची तक्रार होती. ती इतकी खरी होती की, पुढल्याच वर्षी, १८६० साली, अशा कामांवरच्या मालक-मजुरांचे मजुरीचे तंटे लवकर तोडण्याकरिता सरकारला कायदा करावा लागला. बाहेरच्या माणसावर बोट दाखविण्यापूर्वी त्याचा हिशेब चुकता झाला आहे की नाही, हे पाहावे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

असो. पूर्वीच्या गोष्टी पुरे झाल्या. आजच्या काळी आपण सुरक्षितता मोजतो ती आकड्यांनी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरसाल देशातील गुन्ह्यांचा अहवाल काढतो. या अहवालांची परंपरा १९५३ सालापासूनची आहे. त्यात गुन्ह्याचे प्रमाण दर लाख लोकसंख्येस किती, असे दिलेले असते. ही रीत सगळ्या जगाने स्वीकारली आहे. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो, त्यातलाच हा एक अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. अंशस्थानी नोंदलेले गुन्हे आणि छेदस्थानी लोकसंख्या. गणित बिनचूक आहे. प्रश्न एवढाच की, आपल्या गावापुरते हे दोन आकडे काय सांगतात आणि काय लपवितात.

प्रथम अंश पाहू. 'नोंदलेले गुन्हे' असे म्हटले, त्यात 'नोंदलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. घडलेला प्रत्येक गुन्हा ठाण्याच्या पायरीपर्यंत जातो असे नाही. रविवारी दुपारी गर्दीत कोणा पाहुण्याचे पाकीट गेले. तो थोडा हळहळतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. बंगल्यातली भांडी गेली. मुंबईच्या मालकास ते महिन्याने कळते. दूरच्या वस्तीवरल्या कातकरी बाईचे डोरले गेले. तिला ठाण्यात बसायला कोणी सांगेल की नाही याचीच शंका, म्हणून ती जातच नाही. घरातल्या माराविषयी तर बोलायलाच नको. जितके दार जड, तितका अंश लहान. आणि ज्या वर्षी एखादा सौजन्यशील अधिकारी येतो, बायकापोरांना निर्भयपणे बोलता येते, त्या वर्षी फिर्यादी वाढतात आणि वर्तमानपत्रात मथळा येतो, 'गुन्हेगारीत वाढ!' वास्तविक वाढला तो विश्वास. खुद्द नोंद विभागच आपल्या अहवालात बजावून सांगतो की, गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवाय त्यांचा आणखी एक नियम आहे. एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजायचा. घरफोडीत खून झाला तर खून मोजला जातो, घरफोडी मोजली जात नाही.

आता छेद. येथे तर लोणावळ्याची कथाच निराळी. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची वस्ती सत्तावन्न हजारांच्या घरात होती. पण पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर उभे राहून पाहा. गावची माणसे शोधून काढावी लागतात! त्या दिवशी जो भांडतो तो पाहुणा, ज्याचे पाकीट जाते तो पाहुणा, आणि कित्येकदा जो पाकीट मारतो तोही पाहुणाच. त्यांचे गुन्हे अंशात येतात, माणसे मात्र छेदात येत नाहीत.

समजा, साठ हजार वस्तीचे एक गाव आहे आणि वर्षाकाठी तेथे तीनशे गुन्हे नोंदले जातात. प्रमाण झाले लाखास पाचशे. आता त्या गावात रोज सरासरीने वीस हजार पाहुणे असतात असे धरा. छेद झाला ऐंशी हजारांचा, आणि तेच प्रमाण लाखास पावणेचारशेवर आले. एकही चोर पकडला नाही, एकही दिवा वाढविला नाही, आणि गाव चतुर्थांशाने सुरक्षित झाले! उलट आपल्या गावात बंगले पुष्कळ आणि आठवड्यातले पाच दिवस ते ओस. घरफोडीचे प्रमाण माणसांवर काढावे की घरांवर? माणसांवर काढले तर एक उत्तर येते, रिकाम्या घरांवर काढले तर दुसरे येते.

ही अडचण आपलीच नाही. अमेरिकेत १९३० सालापासून देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे एकत्र केले जातात. तेथील समुद्रकाठची आणि डोंगरातली सहलीची छोटी गावे कागदावर भलतीच भयंकर दिसतात. कारण राहणारे थोडे आणि येणारे अपार. म्हणूनच तेथील केंद्रीय तपास खाते आपल्या आकड्यांवरून गावांचे क्रम लावू नका, असा इशारा देत आले आहे. तरीही क्रम लावले जातात, कारण क्रम वाचायला सोपा आणि गाव समजून घ्यायला अवघड.

लहान गावाला आणखी एक धोका असतो. पन्नास हजारांच्या गावात वर्षात एक खून झाला तर प्रमाण लाखास दोन. पुढल्या वर्षी दुर्दैवाने तीन झाले तर सहा. मथळा येईल, 'खुनांत तिप्पट वाढ!' एखाद्या घरातल्या भाऊबंदकीने ते दोन जास्तीचे खून झाले असतील आणि बाकीचे गाव पूर्वीइतकेच शांत असेल. लहान आकडे वाऱ्यावरच्या पानासारखे हलतात. ते पाच-दहा वर्षांचे एकत्र पाहावेत, तेव्हा कोठे झाड दिसते.

आणि आकडा सर्वांना एकाच मापाने मोजतो. २०१७ च्या ऑक्टोबरात कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या मंदिराचा कळस चोरीस गेला. आठवत असेल आपल्याला. कोळीवाड्यांपासून घाटमाथ्यापर्यंत घरोघर हळहळ झाली. प्रत्येकाला वाटले, चोरी आपल्याच घरी झाली. नोंदवहीत मात्र ती चोरी एक. कोणाचा रेडिओ गेला तरी एक, आणि देवीचा कळस गेला तरी एकच.

हे ऐकून आपणांस वाटेल, आकडे टाकाऊ आहेत असे आम्हांला सांगायचे आहे. मुळीच नाही. आकड्यावाचून माणूस अफवेवर जगू लागतो आणि अफवेइतका वाईट पहारेकरी नाही. आमचे म्हणणे इतकेच की, आकडा विचारावा, पारखावा आणि त्याच्या बाहेर काय राहिले हेही पाहावे.

बाहेर काय राहिले? ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागल्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे पाण्याच्या अचानक वाढलेल्या लोंढ्यात वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिलेले ते कुटुंब साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिले. पुढे वर्षही पुरते झाले नाही तोच, १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जीव गेले. पूल धोक्याचा आहे हे परिसरात ठाऊक होते. या नऊ माणसांना कोणा दरोडेखोराने मारले नाही. चोरी-दरोड्याच्या कोष्टकांत त्यांचा शोध घेतला तर ती सापडणार नाहीत. पण पाच माणसे दरोड्यात मेली असती तर आपण आठवडाभर रात्रीची गस्त घातली असती. पाण्यात गेली म्हणून चार दिवस हळहळलो आणि पुढल्या रविवारच्या भजी-चहाच्या तयारीस लागलो.

नीट मोजले तर फरक पडतो, याचे उदाहरणही आपल्याच दारात आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि लवकरच अपघातांसाठी कुप्रसिद्ध झाला. पुढे २०१६ पासून रस्तेविकास महामंडळ आणि रस्ता-सुरक्षेचे काम करणारी मंडळी यांनी प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागा आणि कारण तपासायला आरंभ केला. कोठे कठडा नव्हता, कोठे उभ्या मालमोटारीवर मागून गाडी आदळत होती, कोठे उतारावर वेग आवरत नव्हता, ते टिपले आणि त्या त्या जागी दुरुस्त्या केल्या. मृत्यू थांबले नाहीत, पण ते बरेच कमी झाले. 'हल्लीचे लोक गाड्या फार हाकतात' एवढे म्हणून बसले असते तर एकही जीव वाचला नसता.

आता, मंडळी, एक गोष्ट आमच्या स्वतःच्या अनुभवातली. ती सांगताना आम्हांला भूषण वाटत नाही. पण दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आपली चूक सांगावी हे बरे.

आम्ही राहतो त्या आळीत समोर एक बंगला आहे. मालक परगावचे, सुटीत येणारे. मागल्या खोलीत माळी आणि त्याचे कुटुंब राहत असे. एका आषाढात भातलावणीसाठी माळी बायकामुलांसह चार दिवस आपल्या गावी गेला. पाऊस असा की, शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येऊ नये. कुलूप तुटल्याचा आवाज कोणाला येणार? दुसऱ्या रात्री आमच्या सौभाग्यवती खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, समोर स्वयंपाकघरात दिवा दिसतो, पण मोटार नाही कुठे." आम्ही पुस्तकातून डोके वर न काढता म्हणालो, "आले असतील कोणी." तिसऱ्या रात्रीही दिवा होता. आम्ही तो पाहिला आणि झोपलो.

माळी परत आला तो मागचे दार मोडलेले. भांडी, पंखे, नळाच्या तोट्यासुद्धा गेलेल्या. मालक आले. नेमका माळी गेला आणि नेमकी चोरी झाली, यावरून त्यांचा संशय पहिल्याने त्याच्यावर गेला. दोन दिवस तो चौकशीसाठी बसून होता. त्याच्यापाशी काही सापडले नाही. तरीही मालकांनी त्याचा हिशेब केला आणि खोली रिकामी करून घेतली. पाचसहा महिन्यांनी दुसऱ्याच एका गावी चोर पकडले गेले आणि त्यांच्यापाशी या बंगल्यातला माल निघाला. तोवर माळ्याचे बिऱ्हाड हलले होते, मुलीची शाळा अर्ध्या वर्षात सुटली होती.

आम्ही दोन रात्री दिवा पाहिला होता. त्याच दोन रात्री माळी आपल्या गावी होता. दिवसभर त्याच्याबरोबर चिखलात उभी असलेली वीस माणसे त्याची साक्ष देऊ शकली असती. आम्ही ठाण्यात जाऊन 'अमुक रात्री दिवा होता' एवढे एक वाक्य सांगितले असते तर त्याच्यावरचे किटाळ तेव्हाच फिटले असते. आम्ही गेलो नाही. का? आपल्याला काय करायचे आहे, साक्षीला हेलपाटे कोण घालणार, असा विचार केला. चोरांनी भांडी नेली. त्या माणसाचा आसरा जाण्यात मात्र आमच्या मौनाचाही हात होता. ही चोरी कोणत्याही वहीत नाही.

तेव्हापासून आम्हांला वाटू लागले की, अपूर्णांकाच्या वर अंश असतो, खाली छेद असतो आणि त्या दोहोंच्या बाहेर शेजार असतो. गाव सुरक्षित असते ते बव्हंशी या शेजाराने.

हे केवळ आमचे मत नव्हे. जेन जेकब्स या बाईंनी १९६१ साली अमेरिकेतील थोर शहरांच्या जीवनमरणाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखविले की, रस्ता सुरक्षित ठेवतात ते मुख्यतः पोलीस नव्हेत. दुकानदार, खिडकीतून डोकावणारी माणसे, येणारेजाणारे यांचे डोळे रस्ता राखतात. पुढे १९९७ साली रॉबर्ट सॅम्प्सन आणि त्यांचे सहकारी यांनी शिकागो शहरातील ३४३ वस्त्यांतील आठ हजारांहून अधिक रहिवाशांना विचारलेल्या प्रश्नांवरून एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रश्न साधे होते: मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी दिसली तर शेजारी त्यांना हटकतील काय? शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा आहे काय? जेथे उत्तर 'होय' होते तेथे हिंसा कमी होती. आणि वस्तीचे दारिद्र्य हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. सबब गरिबांची वस्ती म्हणजे गुन्ह्यांची वस्ती, हे समीकरण चुकीचे ठरते.

परंतु येथे एक फार मोठी सावधगिरी बाळगली पाहिजे. लक्ष ठेवणे निराळे आणि संशय घेणे निराळे. लक्ष घटनेवर असते, संशय माणसावर असतो. 'दिवा आहे, मोटार नाही' हे लक्ष. 'माळी आहे, म्हणजे चोर असेल' हा संशय. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून सबंध जमातीच्या जमाती जन्मावरून गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. माणसांच्या मनातून तो रद्द व्हायला अजून अवकाश आहे. इमारतीवर काम करणारा परप्रांतीय मजूर, डोंगरातला कातकरी, हॉटेलात बशा धुणारा पोर, यांच्याकडे आपण कोणत्या डोळ्यांनी पाहतो? ज्याला रोज संशयाने पाहिले जाते तो वेळप्रसंगी आपल्याला काही सांगायला येणार नाही. रात्री उशिरापर्यंत जागी असतात ती हीच माणसे. त्यांना दूर लोटणे म्हणजे आपलेच डोळे बांधून घेणे.

मग करावयाचे काय? मोठ्या योजना सांगण्याचा आमचा अधिकार नाही. चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट फिर्यादीची. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्णय दिला आहे की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर गुन्हा नोंदवून घेणे पोलिसांस बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून जे नवे कायदे लागू झाले, त्यांप्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. दूरसंदेशाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणजे लोणावळ्यात पाकीट गेलेल्या पाहुण्याला दादरच्या ठाण्यातही खबर देता येईल. आपल्या तालुक्याची गोष्ट तर अशी की, २०१८ साली पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय झाले तेव्हा तळेगाव तिकडे गेले, आणि लोणावळा, कामशेत, वडगाव ग्रामीण पोलिसांकडे राहिले. माग काढणाऱ्या जुन्या जागल्याला शीव ओलांडताच दुसऱ्याला हाक मारावी लागे, तशीच स्थिती आजही आहे. तुमचे गाऱ्हाणे शिवेवर अडून राहू नये, यासाठी हा कायदा माहीत असावा.

दुसरी गोष्ट ओळखीची. १९६७ च्या कायद्याने गावात पोलीस पाटील आहे. त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? आपल्या आळीतल्या रिकाम्या घराचा मालक, त्याचा रखवालदार आणि आपण, या तिघांपाशी एकमेकांचे दूरध्वनी आहेत काय? रखवालदार गावी गेला तर तो कोणाला सांगून जातो? तातडीच्या प्रसंगी ११२ क्रमांक आहेच. पण तो फिरविण्यापूर्वी समोरचा दिवा कोणाचा आहे, हे माहीत असले पाहिजे.

तिसरी गोष्ट पाण्याची. येथल्या ओढ्यांचा स्वभाव येथल्या माणसालाच कळतो. वर डोंगरात ढग उतरला की खाली किती वेळात पाणी चढते, कोणता खडक शेवाळाने निसरडा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे, पाहुण्याला नाही. त्याला हटकावे. तो रागावेल, 'तुम्ही कोण सांगणार?' म्हणेल. म्हणू द्यावे. रागावलेला पाहुणा संध्याकाळी घरी पोचतो, यातच सगळे आले.

चौथी गोष्ट हिशेबाची. ग्रामसभेत आणि नगरपरिषदेच्या प्रभागात आपण रस्ते, नळ, दिवे यांविषयी विचारतो. वर्षातून एकदा हेही विचारू. किती फिर्यादी आल्या, किती उलगडल्या, किती जण पाण्यात व रस्त्यावर गेले आणि ते नेमके कोठे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आकडा मागावा तो पोलिसांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे, तर आपल्यालाही त्या हिशेबात धरण्यासाठी.

या तालुक्यात पोलीस आणि लोक यांच्यामध्ये एक जखमही आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ, पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघे प्राणास मुकले. त्या दिवसाचा निवाडा करण्यास आम्ही येथे उभे नाही. पण ज्या घरात ती आठवण आहे, त्या घरातले माणूस ठाण्याची पायरी चढताना दोनदा विचार करील, हे अधिकाऱ्यांनी जाणले पाहिजे. आणि गणवेशातली माणसेही याच मावळात पावसात भिजत रविवारची गर्दी आवरीत असतात, हे आपणही विसरता कामा नये. विश्वास हा दोन्ही बाजूंनी बांधावयाचा बांध आहे. एका बाजूने बांधलेला बांध पहिल्या पावसात वाहून जातो.

तेव्हा 'आपला मावळ सुरक्षित आहे काय', या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कोष्टकात पुरते सापडायचे नाही. त्याचे थोडे उत्तर ठाण्याच्या वहीत आहे, थोडे पुलाच्या कठड्यात आहे आणि बरेचसे आपल्या खिडकीत आहे.

तो माळी पुढे आम्हांला एकदा बाजारात भेटला. दुसऱ्या ठिकाणी काम मिळाले होते. आम्ही दिव्याची गोष्ट त्याला सांगितली आणि क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, तेव्हा सांगितलं असतंत तर बरं झालं असतं." एवढेच. त्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

महिनाभरात पाऊस येईल. रात्री लांबतील, घरे मिटतील, समोरच्या एखाद्या खिडकीत कधीतरी दिवा दिसेल. त्या वेळी पुस्तक खाली ठेवून छत्री घेऊन बाहेर पडावे आणि पाहून यावे, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.